फिर्याद कोणी द्यायची?

संस्थानं विलीन झाली आणि १९४९ साली जुन्या साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० साली. कागदावर जिल्हे दोन झाले तरी कृष्णाकाठचा हा मुलूख सोयरिकींनी, ऊसपट्ट्यानं आणि बाजारपेठांनी एकमेकांत गुंतलेलाच राहिला. वाईची लेक पलूसला नांदते आणि तासगावची पोर कऱ्हाडला. आजारपण आलं की दोन्हीकडच्या माणसांना मिरज आठवते. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभं केलं आणि पुढे मिरज हे डॉक्टरांचंच गाव झालं. कर्नाटकातून, कोकणातून, पार सोलापूरकडून माणसं मिरजेत उतरत आली. डॉक्टर या माणसावर इथल्या लोकांचा विश्वास तीन-चार पिढ्यांचा आहे.

त्या विश्वासाच्या खोलीत फौजदारी कायदा शिरला कसा, याची ही हकीकत आहे. कायदा आहे गर्भलिंग तपासणीच्या बंदीचा. त्याची अडचण पहिल्या दिवसापासून एकच राहिली. चोरी झाली तर ज्याचं गेलं तो ठाण्यात येतो. मारामारी झाली तर डोकं फुटलेला येतो. इथे डॉक्टरला पैसे मिळतात, नवऱ्याला उत्तर मिळतं, सासूचं समाधान होतं, आणि जिच्या पोटावर यंत्र फिरतं तिला कोणी विचारत नाही. आत गेलेल्यांपैकी एकही जण बाहेर येऊन तक्रार करत नाही. मग फिर्याद द्यायची कोणी? सातारा आणि सांगलीत या प्रश्नाची जी उत्तरं शोधली गेली, त्यांची दखल पुढे सगळ्या देशाला घ्यावी लागली.

इंग्रजांना हा प्रश्नच पडला नव्हता. १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्येच खालसा झालं होतं, त्यामुळे तिथे ती सरळ आली. तिच्या ३१२ व्या कलमानं गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्पष्टीकरणात लिहून ठेवलं की स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा याच कलमाखाली येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केलेला गर्भपात. सरकार फिर्यादी आणि बाई आरोपी, अशी मांडणी होती.

ही मांडणी कोणावर कोसळायची हे जोतीराव फुल्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा फसवली गेली, गर्भवती झाली, आणि जन्मलेलं मूल तिनं बदनामीच्या भीतीनं मारलं. तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यानं फसवलं तो मोकळा राहिला. १८८४ साली फुल्यांनी या प्रकरणाची हकीकत लिहून काढली. त्याआधीच, १८६३ साली, सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं आणि विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं अशा जाहिराती लावल्या होत्या. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातल्या. जोतीरावांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. शिक्षेनं जे थांबत नव्हतं ते आसऱ्यानं थांबेल हा विचार या मातीतल्या दोन माणसांना दीडशे वर्षांपूर्वी सुचला होता, आणि मला तो आजच्या अनेक शासकीय परिपत्रकांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

बाई आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर यायला शंभरावर वर्षं लागली. १९६४ साली केंद्रानं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीनं १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हा त्या अहवालामागचा धडधडीत मुद्दा होता. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि एप्रिल १९७२ पासून लागू झाला. ठरावीक कारणांसाठी, ठरावीक आठवड्यांच्या आत, प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनं मान्यताप्राप्त ठिकाणी केलेला गर्भपात कायदेशीर झाला. हा मुद्दा घट्ट धरून ठेवावा लागतो. पुढच्या चाळीस वर्षांत गावोगावच्या फलकांनी, चित्ररथांनी आणि भाषणांनी गर्भपात आणि लिंगतपासणी या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ केली की गर्भपातच बेकायदा आहे असं आज कित्येक सुशिक्षित माणसंही समजतात.

गर्भपाताला मोकळीक मिळाली त्याच दशकात गर्भजल तपासणी भारतात आली. ती आली गर्भातल्या व्यंगांचं निदान करण्यासाठी, पण काही वर्षांतच मुंबईत तिचा धंदा झाला. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठलं, तेव्हा त्यांतल्या ४२ जणांनी लिंग कळावं म्हणून ही तपासणी करत असल्याचं सांगितलं. लपवायचं त्यांना काही कारणही नव्हतं, कारण खासगी दवाखान्यात ते बेकायदा नव्हतं. त्याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी लिंगनिदानाविरोधी मंच उभारला. त्या दबावातून महाराष्ट्रानं १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

केंद्रीय कायद्यानं जुन्या मांडणीला छेद दिला. त्याचं २४ वं कलम सांगतं की तपासणी झाली असेल, तर बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. काशीबाईच्या काळापासून मागून मिळत नव्हतं ते इथे कायद्याच्या पुस्तकात आलं. पण तक्रार कोण करणार हे तसंच राहिलं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारा, आणि तरीही २८ व्या कलमानुसार न्यायालयानं दखल घ्यायची ती ‘समुचित प्राधिकाऱ्या’च्या तक्रारीवरून, किंवा त्या प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणी थेट न्यायालयात गेलं तर. जिल्ह्यात हे प्राधिकारी म्हणजे सिव्हिल सर्जन. तालुक्याला ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक. म्हणजे एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरवर फौजदारी खटला भरायचा. दोघे एकाच संघटनेच्या बैठकीला जातात, एकाच परिषदेत जेवतात, एखादवेळी एकाच वर्गात शिकलेले असतात. पहिली काही वर्षं महाराष्ट्रात या कायद्याचं काय झालं असेल हे यावरून ओळखता येतं.

मग २००१ च्या जनगणनेचे आकडे आले. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली राहिल्या होत्या. साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, आणि शेजारच्या कोल्हापुरात ८३९. दुष्काळी किंवा आदिवासी भागातले हे आकडे नव्हते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, इंजिनिअरिंग कॉलेजं, पतसंस्था, गावोगावी हायस्कूलं असलेला, सत्यशोधकांचा आणि पत्री सरकारचा वारसा सांगणारा हा पट्टा. नाना पाटलांच्या मुलखात मुली जन्माला येण्याआधी गायब होत होत्या. उसाचा पैसा आला, कुटुंब लहान झालं, दोनच मुलं हवीत हे सगळ्यांना पटलं, आणि त्या दोनांत एक मुलगा हवाच हेही ठरलेलं राहिलं. तपासणीचा खर्च परवडू लागला आणि यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत आलं. पोरगी झाली तर हुंडा, आणि जमिनीचा तुकडा पुढे कोणाच्या नावावर जायचा, या दोन जुन्या काळज्यांना नव्या यंत्राची साथ मिळाली. शहाणपण आणि सुबत्ता वाढली की ही खोड जाईल अशी पुष्कळांची समजूत होती. ती या आकड्यांनी मोडून काढली.

दरम्यान मुंबई-पुण्याच्या सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. कायदा पुस्तकात पडून आहे, तो राबवा, एवढंच त्यांचं मागणं. न्यायालयानं राज्यांना धारेवर धरलं, आणि सोनोग्राफी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना ती कोणाला विकली त्याच्या याद्या द्यायला लावलं. २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला. त्यात अशी एक तरतूद आली, जिच्यावर डॉक्टर संघटना आजही चिडून बोलतात. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ‘एफ’ फॉर्ममध्ये ठेवायची, आणि नोंदीत त्रुटी आढळली तर कायदा मोडला असं धरायचं. तसं झालं नाही हे डॉक्टरनं सिद्ध करायचं. साधी कारकुनी चूक आणि त्यासाठी तुरुंग, असा आक्षेप घेत स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०१९ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. मला हा निर्णय योग्य वाटतो. बंद खोलीत दोन माणसांत कुजबुजलेल्या एका शब्दाचा दुसरा कोणता पुरावा मागे राहतो? माणसं बोलत नसतील तर कागदाला साक्षीदार करावं लागतं.

साताऱ्यातल्या बायकांनी मात्र कागदापाशी थांबायचं नाही असं ठरवलं. वकील वर्षा देशपांडे यांनी १९९० साली साताऱ्यात दलित महिला विकास मंडळ सुरू केलं. घरातली मारहाण, टाकून दिलेल्या बायका, पोटगी अशी कामं करताना त्यांच्यापुढे हा प्रश्न येत राहिला आणि त्यातून लेक लाडकी अभियान उभं राहिलं. त्यांनी जे केलं ते सांगायला सोपं आहे. ज्या खोलीत फिर्यादी नसतो, त्या खोलीत फिर्यादी पाठवायचा. पण ती बाई खरीच गरोदर हवी. तीन-साडेतीन महिन्यांच्या पुढची, धडधाकट, घरच्यांची साथ असलेली, आणि पुढे काही वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढायची तयारी असलेली.

तिच्यासोबत नणंद किंवा जाऊ म्हणून एखादी कार्यकर्ती जायची. आधी प्राधिकाऱ्यासमोर सगळं नोंदवायचं, नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहायचे, पंच ठरवायचे. मग दलालाकडून निरोप. ‘चेकिंग करायचंय’ एवढं पुरे. दलाल कधी गाडी बदलायला लावणार, कधी ऐनवेळी दुसऱ्याच गावी बोलावणार. यंत्र पोटावर फिरतं आणि डॉक्टर ‘पेढे’ म्हणतो किंवा ‘बर्फी’ म्हणतो. कोणी नुसता हाताचा इशारा करतो. बाईनं तेवढा वेळ चेहरा सांभाळायचा आणि बाहेर येऊन खूण करायची. त्यानंतर अधिकारी आत शिरतात, नोटा जुळवतात, यंत्राला सील लागतं.

यात पोलिसांपेक्षा मोठं काम त्या गरोदर बाईचं असतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. स्वतःच्या पोटातलं बाळ घेऊन ती अनोळखी आणि बऱ्याचदा राजकीय पाठबळ असलेल्या माणसाच्या खोलीत जाते. पकडली गेली तर काय होईल ते तिला माहीत असतं. पुढे खटला उभा राहतो तेव्हा ते बाळ चालायला लागलेलं असतं. तारखा पडतात, पंच फितूर होतात, आणि बचावाचा वकील तिलाच विचारतो की तुम्ही पैसे देऊन आमिष दाखवलंत ना? अशिक्षित किंवा जेमतेम शिकलेल्या बाईनं उलटतपासणीत टिकून राहणं म्हणजे काय, हे जिल्हा न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

अभियानाची पथकं जिल्ह्याबाहेरही गेली. २०१० साली वर्षा देशपांडे यांच्या पथकानं बीड जिल्ह्यात परळीच्या डॉ. सुदाम मुंडे याच्याकडे सापळा लावला. तक्रार झाली तरी दवाखाना चालूच राहिला. मे २०१२ मध्ये तिथे गर्भपातादरम्यान एका बाईचा मृत्यू झाला आणि मगच राज्य हादरलं. २०११ च्या जनगणनेत बीडचा आकडा ८०७ वर उतरलेला होता. त्या मृत्यूच्या खटल्यात मुंडे पतीपत्नीला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्येच तो दवाखाना कायमचा बंद पडला असता तर ती बाई मेली नसती. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे.

साताऱ्यात २०११ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. जिल्ह्यात शोध घेतला तेव्हा ‘नकुशा’ नावाच्या मुली शेकड्यांनी निघाल्या. दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की नाव नकुशा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कोणी नटीचं नाव घेतलं, कोणी देवीचं. कायद्याच्या हकिकतीत हा समारंभ का, असं कोणी विचारेल. कारण या मुली म्हणजे तपासणीचं यंत्र गावात पोचायच्या आधीची, किंवा ते न परवडलेल्या घरांतली नोंद आहे. ज्या घरात यंत्र परवडलं तिथे नाव ठेवायची वेळच आली नाही.

कोल्हापुरात त्याच सुमारास वेगळा प्रयोग झाला. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं. प्रत्येक तपासणीची चित्रं त्यात साठतात, आणि एफ फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाची गुप्तता भंगते हा त्यांचा मुद्दा होता. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. देशमुख हे कथाकारही आहेत. या विषयावरचा त्यांचा ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रह प्रसिद्ध आहे.

२०११ च्या मोजणीत तिन्ही जिल्ह्यांचे आकडे थोडे सावरले. सातारा ८९५, सांगली ८६७, कोल्हापूर ८६३. राज्याचा आकडा मात्र ९१३ वरून ८९४ वर घसरला होता. इतरत्र घसरण चालू असताना कृष्णाकाठी ती थांबली याचं श्रेय मी सापळे लावणाऱ्या बायकांना आणि थोड्याफार धीट अधिकाऱ्यांना देतो.

तरीही म्हैसाळ घडलं.

मिरज तालुक्यातलं म्हैसाळ हे कृष्णाकाठचं मोठं गाव. उपसा सिंचन योजनेमुळे त्याचं नाव जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळी भागापर्यंत पोचलेलं. गावाला लागून कर्नाटकाची हद्द आणि पलीकडे कागवाड. म्हैसाळात एका होमिओपॅथी डॉक्टरचं रुग्णालय होतं. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीची २६ वर्षांची बाई तिथे गर्भपातादरम्यान मरण पावली. माहेरच्या आणि गावच्या लोकांनी आवाज उठवला, नवरा आणि डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. तपास पुढे सरकला आणि ५ मार्च रोजी पोलिसांनी गावाजवळच्या ओढ्याकाठी जमीन उकरली. प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले १९ भ्रूण निघाले. डॉक्टर फरार होता. तो बेळगावात सापडला. मागोमाग दलाल, औषधं पुरवणारे, आणि तपासणीच्या आरोपावरून सीमेपलीकडचे डॉक्टर पकडले गेले.

पोलिसांनी मांडलेली रचना अशी होती की तपासणी कर्नाटकात आणि गर्भपात महाराष्ट्रात. सापळा लावणारे इथले, सील लावणारे प्राधिकारी इथले, सायलेंट ऑब्झर्व्हर इथल्या यंत्रांना. पाच-सात किलोमीटर पलीकडे जिल्हा वेगळा, राज्य वेगळं, सिव्हिल सर्जन वेगळा. साताऱ्या-सांगलीत बंदोबस्त कडक झाला म्हणून धंदा मेला नाही. त्यानं हद्द ओलांडली. या रुग्णालयाबद्दल आधी एक निनावी तक्रार आली होती आणि पाहणीत काही सापडलं नाही असा शेरा बसला होता, हेही तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. निनावी पत्र लिहिणाऱ्या माणसानं आपल्या परीनं फिर्यादच दिली होती. ती वाचली गेली पण ऐकली गेली नाही.

या प्रकरणात लावलेल्या कलमांकडे नीट पाहिलं की फौजदारी कायदा आरोग्याच्या क्षेत्रात कसा चालतो ते समजतं. डॉक्टरच्या हातून रुग्ण दगावला तर सर्वसाधारणपणे ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. हे कलम दंड संहितेत १८७० मध्ये घातलं गेलं. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना त्यात मोठं संरक्षण दिलं. नुसती चूक किंवा अंदाज हुकणं हा गुन्हा नव्हे, निष्काळजीपणा ढोबळ, घोर असला पाहिजे. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं आणि ऊठसूट अटक करू नये. हे संरक्षण हवंच. ते नसेल तर अवघड बाळंतपण कोणी हातातच घेणार नाही, मिरजेला पाठवतो म्हणतील आणि बाई वाटेत जाईल. पण ज्यानं जे काम करायला शिकलेलंच नाही आणि कायद्यानं जे त्याला करताच येत नाही, त्यानं ते केलं, तर हे संरक्षण लागू होत नाही. एका शास्त्राचा डॉक्टर दुसऱ्या शास्त्राची औषधं देत असेल तर तो मुळातच निष्काळजीपणा, हे सर्वोच्च न्यायालयानं पूनम वर्मा खटल्यात १९९६ मध्येच सांगून ठेवलं होतं. १९७१ च्या कायद्यात २००२ मध्ये सुधारणा झाली आणि अपात्र माणसानं गर्भपात केला तर दोन ते सात वर्षं सक्तमजुरी आली. म्हणून म्हैसाळात सदोष मनुष्यवध, बेकायदा गर्भपात, पुरावा नष्ट करणं ही जड कलमं लागली.

हा फरक सांगलीकरांना आणखी एकदा पाहायला मिळाला. २०२१ च्या कोविड लाटेत मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात २०५ पैकी ८७ रुग्ण दगावले, आणि महापालिकेच्या तक्रारीवरून पोलिसांनी तिथल्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली अटक केली. रुग्ण गेला म्हणून अटक झाली नव्हती. ऑक्सिजन, डॉक्टर, सोयी नसताना रुग्ण घेत राहिला, असा आरोप होता. आणि इथे फिर्याद देणारी संस्था जागेवर होती, हेही नोंदवायला हवं.

म्हैसाळनंतर राज्यभर तपासण्यांची मोहीम निघाली. दीड वर्षानं, सप्टेंबर २०१८ मध्ये, खुद्द सांगली शहरात एका डॉक्टर दांपत्याच्या रुग्णालयात बेकायदा गर्भपाताचं प्रकरण उघड झालं. दुसरीकडे या बंदोबस्ताचा भलताच परिणाम म्हैसाळच्या आधीपासूनच होत होता. २०११-१२ पासून अन्न आणि औषध प्रशासनानं गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर छापे घातले आणि राज्यातल्या अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतल्या गर्भासाठी असतात. त्या वेळी सोनोग्राफीत लिंग दिसतही नाही. त्यांचा आणि लिंगतपासणीचा संबंध नव्हता. पुष्कळ स्त्रीरोगतज्ज्ञ बारा आठवड्यांपुढच्या कायदेशीर गर्भपातालाही हात लावेनासे झाले. चौकशीचा ससेमिरा कोण मागे लावून घेणार? मग ज्या बाईला कायद्यानं मोकळीक दिलेली आहे, तीही अखेरीस एखाद्या म्हैसाळचाच पत्ता शोधते. शांतिलाल शाह समितीनं ज्या मरणांवर उपाय म्हणून कायदा सुचवला होता, ती मरणं लेकी वाचवण्याच्या नावाखाली परत येऊ देणं मला मान्य नाही. लिंग सांगणाऱ्याला तुरुंगात टाका, आणि गर्भपात मागणाऱ्या बाईला सुरक्षित दार उघडं ठेवा. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. ३१२ चं ८८ झालं आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला गुन्हेगार धरणारं स्पष्टीकरण तसंच ठेवलं गेलं. ३०४-अ चं १०६ झालं. त्यात इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. डॉक्टरांचा विचार झाला हे चांगलं. तेवढाच विचार ८८ व्या कलमातल्या बाईचाही व्हायला हवा होता.

गर्भलिंग कायद्याच्या नियमांतही २०१४ मध्ये बदल झाला आणि प्राधिकाऱ्यांनी शक्यतो पोलिसांना यात आणू नये असं लिहिलं गेलं. म्हणजे तक्रारीचा भार पुन्हा सिव्हिल सर्जनच्या टेबलावर. त्याच्याकडे रुग्णालय चालवायचं काम आहे, शवविच्छेदनं आहेत, मंत्र्यांचे दौरे आहेत. न्यायालयात टिकेल अशी तक्रार लिहिण्याचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नाही. तारखेला तो बदलून गेलेला असतो आणि नव्या अधिकाऱ्याला प्रकरण ठाऊक नसतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांसाठी पूर्ण वेळाचा एक कायदा अधिकारी आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारं एकच पथक नेमलं, तर हा भार हलका होईल.

११ जुलै २०२५ रोजी न्यू यॉर्कमध्ये वर्षा देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्या कामाची ती दखल आहे आणि ती योग्य जागी पोचली. सापळ्यात गेलेल्या गरोदर बायकांची नावं मात्र जाहीर करता येत नाहीत. त्यांच्यातल्या काहींना अजून साक्षीला बोलावणं येतं. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी त्या स्वतः सोसतात. हा खर्च सरकारनं द्यावा, त्यांच्या साक्षी एका वर्षाच्या आत नोंदवून घ्याव्यात आणि त्यांना पुन्हा पुन्हा बोलावू नये. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक आणि जिल्हाधिकाऱ्यांची एक सही पुरते.